बिनझडपेचा मॅनिफोल्ड

इंजिनाला दोन मॅनिफोल्ड, म्हणजे फांद्या फुटलेल्या नळ्या, असतात. एक धुराचा, एक हवेचा. धुराचा तापतो, कधी लाल होतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं जातं. हवेचा गार असतो. बाहेरची हवा आत घेऊन ती सगळ्या सिलिंडरांना वाटणं, एवढंच त्याचं काम. वाटूर फाट्यावरचे फकरोद्दीन मिस्त्री गिऱ्हाइकाशी बोलताना कायम इंजिनाच्या या गार बाजूला उभे राहायचे, एक हात मॅनिफोल्डवर टेकवून, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.

त्यांना सगळे फकरूचाचा म्हणतात. मीही. माझा भाऊ राजानंद सोमेश्वर पाटलांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. जालन्याला एम.ए. करत असताना मी संध्याकाळच्या बसनं फाट्यावर उतरायचे आणि राजानंद न्यायला येईपर्यंत चाचांच्या गॅरेजातल्या बाकड्यावर बसून राहायचे. चाचा बाकड्यावरचं सामान स्वतः उचलायचे, जुना पेपर अंथरायचे आणि म्हणायचे, "बस बेटा. ऑइल न्हाई लागत." ऑइल लागायचंच. माझ्या बहुतेक ओढण्यांवर त्या गॅरेजाचा एकेक डाग आहे.

माणूस उंच, वाळका. दाढीला मेंदी, पण ती वेळेवर लावायचं ध्यान नसायचं, म्हणून दाढी टोकाला लाल आणि मुळाशी पांढरी. आवाज बारीक. इंजिन चालू असताना ते बोलायचे नाहीत आणि इंजिन बंद झाल्यावर लगेचही बोलायचे नाहीत. थोडा वेळ जाऊ द्यायचे. जणू अजून काहीतरी ऐकू येणं बाकी आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या जत्रांमधून टोचन सुरू झालं. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करतात, मध्ये साखळी बांधतात आणि शिट्टी वाजली की दोघं आपापल्या दिशेला ओढतात. जो फरफटत मागं जाईल तो हरला. नांगरटीचं इंजिन अशा ओढीला पुरत नाही. मग मालक लोक ते उघडून घेतात, डिझेलचा पंप वाढवतात, भंगारातल्या ट्रकचा टर्बो, म्हणजे हवा आत कोंबणारा पात्यांचा पंखा, आणून बसवतात. परतूर, मंठा, घनसावंगी, सगळीकडून असे ट्रॅक्टर चाचांकडं यायला लागले.

अशा प्रत्येक इंजिनाच्या हवेच्या मॅनिफोल्डच्या गळ्यात चाचा एक झडप बसवायचे. पोलादाची गोल चकती, तिच्यातून आरपार दांडी, दांडीला वायर आणि वायर ड्रायव्हरच्या सीटपर्यंत. वायर ओढली की हवेचा रस्ता बंद. कारण डिझेलचं इंजिन कधी कधी सुटतं. टर्बोचं सील गेलं की ऑइल हवेबरोबर आत जातं आणि इंजिन त्या ऑइलवरच पळू लागतं. मग डिझेल तोडा, चावी काढा, ते थांबत नाही. वेग वाढवत जातं, फुटेपर्यंत. हवा तोडणं हा एकच उपाय उरतो. चाचा तरुणपणी जालन्यात ज्या उस्तादाकडं शिकले, त्यानं जिनिंग मिलमधलं असं सुटलेलं एक इंजिन त्याच्या तोंडावर लाकडी पाट दाबून थांबवलं होतं. चाचांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

ड्रायव्हर लोक चिडवायचे. राजानंद तर नेहमीच.

"चाचा, ही झडप म्हंजे बायकोवानी हाये. कधी कामाला येत न्हाई, पर असल्याबिगर तुम्ही गाडी सोडत न्हाई."

"तुला दोन्ही न्हाईत ना अजून," चाचा म्हणायचे. "आल्या म्हंजे बोल."

तन्वीर त्यांचा एकुलता मुलगा. मोठी अलमास लग्न होऊन सेलूला गेलेली. तन्वीरनं आयटीआय केलं, पण खरं काम तो चाचांच्या शेजारी बसून शिकला आणि त्यानंतर मोबाइलवर. पंजाबातले टोचनचे ट्रॅक्टर, परदेशातल्या शर्यतीच्या गाड्या, असं सगळं तो बघायचा. स्वतः केलेल्या वेल्डिंगचे व्हिडिओ टाकायचा. ते बघून पुण्याच्या एका गॅरेजनं त्याला बोलावलं होतं. तिथं शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधतात. राहायची सोय तेच करणार होते.

चाचा फाट्यावर सगळ्यांना सांगायचे, "जाऊ दे. शिकंल. मी काय बांधून ठेवलंय?" असं इतक्या जणांना सांगून बसले होते की आता दुसरं काही म्हणायची सोय राहिली नव्हती. पण तन्वीरनं जाऊ नये, एवढं एकच त्यांना हवं होतं. ते आम्हाला सगळ्यांना दिसायचं. पुण्याचा फोन आला की ते हातातला पाना ठेवून द्यायचे आणि उगीच दाराशी जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघायचे.

एकदा चहा घेऊन आलेल्या इमामबी चाची माझ्याशेजारी टेकल्या. घरात ते उर्दू बोलतात. माझ्याशी चाची दोन्ही मिसळून बोलायच्या.

"जोत्स्ना, तू तो पढेली हाय. तू बोल ना उसकू, जाऊ नको म्हणून."

"मी काय बोलू, चाची? चाचांनीच सांगावं."

"वो बोलेंगे? वो इंजिन से बोलेंगे. बेटे से नै."

हे त्यांनी चाचांना ऐकू जाईल असंच म्हटलं होतं. चाचा इंजिनात डोकं घालून उभे होते. त्यांनी डोकं वर काढलं नाही.

त्या वर्षी सोमेश्वर पाटलांनी ठरवलं की भोकरदनकडच्या एका मोठ्या जत्रेतल्या टोचनमध्ये उतरायचं. ट्रॅक्टर गॅरेजात आला. इंजिन उघडलं, पंप वाढवला, चाचांनी जालन्याच्या भंगार बाजारातून टर्बो आणला. प्रश्न राहिला हवेच्या मॅनिफोल्डचा.

गोणपाटावर तीन मांडले होते. पहिला कंपनीचा, बिडाचा, आखूड आणि अरुंद. दुसरा चाचांनी बनवलेला, लांब वाकवलेल्या चार नळ्यांचा, दिसायला सुंदर. तिसरा अजून लोखंडाचा झालाच नव्हता. तो तन्वीरनं पुठ्ठा कापून बनवला होता. एक लांबट डबा, डब्याच्या मधोमध हवेचं तोंड आणि खाली चार आखूड नळ्या.

"लांब नळीत हवेला चाल येती," चाचा म्हणाले. "इंजिन खालच्या आरपीएमला बसत न्हाई. टोचनमधी सगळा खेळ पयल्या झटक्याचा हाये. साखळी ताणली त्या वक्ताला जो दबला, तो गेला."

"ते टर्बो नसल्यावर, अब्बा. आता हवा ढकलत येऊन राह्यली. नळीनं खेचायची गरजच काय? आन् तुमच्या नळ्यांचं तोंड एका टोकाला, चौथा सिलिंडर दुसऱ्या टोकाला. त्याला हवा भेटती कुठं?"

"तुझा डबा भरायला येळ लागंल."

"पापणी लवती तेवढा."

"पापणी लवती तेवढ्यात ट्रॅक्टर हरतो, बेटा."

सोमेश्वर पाटील दाराशी खुर्चीत बसले होते. "बापलेकांचं ठरलं म्हंजे मला फोन करा," ते म्हणाले. "मला ट्रॅक्टरला जोर पाहिजे. हवा डब्यातून येवो न्हाईतर पोत्यातून."

चाचांनी आपल्या नळ्या बसवून इंजिन चालू केलं, वेग वर नेला आणि पाण्याचा मग घेतला. धुराच्या मॅनिफोल्डला चार फांद्या असतात, सिलिंडरागणिक एक. प्रत्येक फांदीवर ते बोटानं थेंब टाकत गेले. पहिल्यावर थेंब थोडा नाचला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तसाच. चौथ्यावर टेकायच्या आधीच उडून गेला. चौथा जास्त तापत होता. त्याला डिझेल इतरांएवढंच मिळत होतं, हवा कमी.

त्यांनी परत एकदा थेंब टाकून पाहिला. मग इंजिन बंद केलं आणि नेहमीसारखे थांबले. तन्वीर पुठ्ठ्याचा डबा हातात धरून उभा होता. दाढी न केलेला, झोप कमी झालेला, पंचविशीतला मुलगा, आणि हातात ते खेळण्यासारखं काहीतरी.

"तुझा बसव," चाचा म्हणाले.

मला तेव्हा वाटलं, थेंबानं ठरवलं. पण एरवी चाचा एवढ्यावर कधीच ठरवत नसत. त्यांनी नळ्यांचं तोंड मधोमध आणून पाहिलं असतं, आणखी चार प्रयोग केले असते, दोन दिवस कुणाशी बोलले नसते. त्या संध्याकाळी त्यांनी इंजिनाकडं बघून मॅनिफोल्ड निवडला नाही.

पुढचे दिवस गॅरेजात मी कधी न पाहिलेली हालचाल होती. तन्वीर पत्रा कापायचा, चाचा धरायचे. तन्वीर वेल्डिंग करायचा, चाचा गार होईपर्यंत शिकंज्यात दाबून ठेवायचे. सगळा जन्म ज्यानं हुकूम सोडले तो माणूस "हे घिऊ का, ते देऊ का" विचारत होता. पुण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. चाचींनी एकदा शिरखुर्मा आणला, ईद नसताना.

डब्याच्या गळ्यात झडप बसली. ती बसवायची की नाही, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

पाटलांच्या पडीक रानात चाचणी झाली. समोर मंठ्याचा एक ट्रॅक्टर होता, चाचांनीच मागच्या वर्षी बांधलेला, लांब नळ्यांचा. साखळी ताणली. तन्वीरच्या डब्यानं दम घेतला, एक क्षणभरच, आणि तेवढ्यात पाटलांचा ट्रॅक्टर मागं सरकला. सरकला तो सरकतच गेला. राजानंदनं क्लच दाबून हात वर केला. दुसऱ्यांदा तेच झालं.

"मी म्हणलो व्हतो" हे शब्द चाचांच्या तोंडून निघाले नाहीत, आणि ते न निघणं तन्वीरला जास्त लागलं असावं. तो रानाच्या कडेला, उपटून ठेवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ जाऊन फोनवर बोलत राहिला. आम्हाला शेवटचं वाक्य ऐकू आलं. "हौ सर, पक्का. जत्रा झाली की निघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजला सुट्टी होती. राजानंदचा जेवणाचा डबा द्यायला मी गॅरेजात गेले तेव्हा तन्वीर जेवायला घरी गेलेला. चाचा डब्याच्या गळ्यातून झडप काढत होते. चकती काढली, दांडी काढली, दांडीची दोन्ही भोकं वेल्डिंगनं बुजवली आणि आतून बोट फिरवून पाहिलं, कुठं काही खरखरीत राहिलंय का. मी बघतेय हे त्यांना माहीत होतं.

तन्वीर आला. त्याचं लक्ष आधी सीटकडं गेलं.

"अब्बा, वायर कुठं गेली?"

"झडप काढली."

"कायकू?"

"गळ्यात आडवी येऊन राह्यली. तिच्यापायी दबतो तुझा डबा."

"मंग गळा मोठा करू ना. चकती बी मोठी बसवू. एक दिवसाचं काम हाये."

"जत्रा होऊ दे. मंग बसवू."

तन्वीर त्यांच्याकडं बघत राहिला. त्यानं डब्याच्या गळ्यात हात घातला, बुजवलेली भोकं चाचपली आणि म्हणाला, "बरं."

संध्याकाळी परत चाचणी झाली. या वेळी डब्यानं दम घेतला की नाही ते कळलंसुद्धा नाही. मंठ्याचा ट्रॅक्टर नांगरासारखा माती ओढत मागं आला. राजानंद सीटवर उभा राहून ओरडला. तन्वीर हसत होता. हातावरची धूळ झटकत तो चाचांजवळ आला.

"पुण्याला सांगून टाकतो," तो म्हणाला. "इथंच काम हाये म्हणून. सोमेश्वरभाऊ म्हणतेत, अजून ट्रॅक्टर येतेत."

"बघ बाबा," चाचा म्हणाले. "तुझी मर्जी."

आणि हात धुवायला विहिरीकडं गेले. हात धुवून झाल्यावरही ते तिथंच बसून होते.

जत्रेच्या माळावर सकाळपासून ऊन होतं. दोरखंडांच्या पलीकडं माणसांच्या भिंती, ट्रॉल्यांवर, झाडांवर माणसं. बायका फारशा नव्हत्या. मी पाटलांच्या घरच्यांबरोबर लांब एका ट्रॉलीत उभी होते. पाटलांचा ट्रॅक्टर एकेक ओढ जिंकत गेला. शेवटची ओढ मोठ्या ट्रॅक्टरशी होती, पंजाबी गाणी लावून आलेल्या. राजानंदनं पुढची चाकं उचलली जाऊ दिली, टेकवली आणि मग ओढलं. समोरचा दोरखंडापर्यंत फरफटत आला.

गर्दी आत घुसली. गुलाल उधळला. आमच्याकडं जिंकणाऱ्या ड्रायव्हरला सीटवरून उचलून खांद्यावर घेतात. बैलांच्या शर्यतीतही तसंच करतात. पोरांनी राजानंदला उचललं. ट्रॅक्टर चालूच होता. तापलेला टर्बो लगेच बंद करायचा नसतो, थोडा वेळ मंद चालू द्यायचा असतो. हे चाचांनीच सगळ्यांना शिकवलेलं. तर इंजिन मंद चालू, गिअर मोकळा, सीटवर कुणी नाही.

आणि इंजिन आपोआप वाढायला लागलं.

धूर आधी पांढरा आला, मग निळा. आवाज चढत गेला. लोकांना वाटलं, पोरं मुद्दाम रेस करून राह्यली. हलगीवाल्यांनी त्या आवाजाबरोबर लय वाढवली. पोरं त्याच्यावर नाचायला लागली. जितका आवाज चढेल तितक्या टोप्या वर उडत होत्या. मीही हसत होते. राजानंद खांद्यावरून हात हलवत होता.

चाचा माळाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते धावले. मला ट्रॉलीवरून स्पष्ट दिसलं. म्हातारा मिस्त्री आनंदानं धावतोय असं लोकांना वाटलं. त्यांना वाटेत धरलं, डोक्यावर गुलाल टाकला, दोघातिघांनी त्यांचे हात धरून नाचायला लावलं. ते काहीतरी ओरडत होते. ते कुणालाही ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज तेवढा होता.

तन्वीर इंजिनाजवळच होता. त्यानं बंद करायचा दांडा ओढला. मग डिझेलचा पाइप तोडला. अंगावर डिझेल उडालं, इंजिन थांबलं नाही. चाकाभोवती माणसं होती, बोनेटला टेकून फोटो काढणारी पोरं होती. एवढ्या वेगात फ्लायव्हील फुटलं असतं तर त्याचे तुकडे त्या गर्दीतून गेले असते. हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाच माहीत होतं. त्यानं गळ्यातली दस्ती काढली, त्या रुमालाची घडी केली आणि टर्बोच्या उघड्या तोंडावर दाबली. ती आत ओढली गेली. मग त्यानं हात ठेवला.

इंजिन गुदमरलं, दोनदा हादरलं आणि बंद पडलं.

"ए, बंद कायला केलं?" कुणीतरी ओरडलं. हलगी अजून वाजत होती.

उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. जालन्याच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. चाचा बाहेरच्या जिन्यावर बसायचे. आत जायचे, पाणी द्यायचे, परत येऊन जिन्यावर बसायचे. सोमेश्वर पाटील रोज यायचे. त्यांनी जे करायचं ते केलं. त्यांना बोल लावता येणार नाही. राजानंद एकदाच आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी सीटवर असतो तं गिअरमधी टाकून ब्रेक दाबला असता. बंद पडला असता." तन्वीर म्हणाला, "तू सवताहून उतरलास का? उचललं ना तुला." राजानंदनं मान हलवली. त्यानंतर त्यानं टोचनचा ट्रॅक्टर चालवला नाही.

घरी आल्यावर पहिली अडचण घासाची झाली. डाव्या हातानं जेवायला तो तयार नव्हता, आणि उजव्यात घास राहत नव्हता. चाची भरवायला गेल्या तर तोंड फिरवायचा. शेवटी अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये तो बारीक घास धरायला शिकला. भाकरी चालायची, भात सांडायचा. चाचा तो जेवत असताना गॅरेजात जाऊन बसायचे.

पुण्याला त्यानं आधीच नाही कळवलं होतं. चाचांनी ते गॅरेज शोधून काढलं, नंबर मिळवला आणि स्वतः फोन केला. मी बाकड्यावर होते. "हाताला लागलंय थोडं," ते म्हणत होते. "पर डोकं बराबर हाये, साहेब. बघून सांगंल तो. दुसऱ्यानं करायचं, यानं सांगायचं." पलीकडून सभ्यपणे काहीतरी बोलणं झालं. "हौ, हौ. कळवा," चाचा म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून राहिले.

मग त्यांनी अलमासला गाठलं. तिच्या नवऱ्याचं सेलूला मोबाइलचं दुकान आहे. तो तयार झाला. चाचांनी तन्वीरचे कपडे स्वतः बॅगेत भरले आणि बॅग गॅरेजात आणून ठेवली.

"कुठं जाऊ?" तन्वीरनं विचारलं.

"अलमासकडं. सावलीत बसायचं काम हाये."

"इथं बी सावलीच हाये, अब्बा."

बॅग दोन-तीन दिवस तिथंच होती. मग चाचींनी ती परत नेली.

गिऱ्हाईक वाढलं. जिंकलेल्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ फिरला होता. त्यात शेवटचा भाग नव्हता. लोकांना डब्याचा मॅनिफोल्ड हवा होता. चाचा बनवतात, झडप घालून. आता चकतीची दांडी ते अशी वेल्ड करतात की ती काढायची तर डबाच कापावा लागेल. काही लोक घेतात. काही पुढच्या गावी जाऊन डबा कापून घेतात, हेही त्यांच्या कानावर येतं.

या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी बसले होते तेव्हा घनसावंगीकडचा आदिनाथ म्हणून एक तरुण आला. नवी जीप, डोळ्यांवर गॉगल, दोन मित्र बरोबर. त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला.

"मिस्त्री, हाच पाहिजे. असाच्या असा."

"झडपेसकट भेटंल," चाचा म्हणाले.

"याला कुठं हाये झडप? जिंकला तो बिनझडपेचा जिंकला ना?"

कोपऱ्यात तन्वीर डाव्या हातानं कानस चालवत बसला होता. शिकंज्यात पत्रा होता. उजवा हात त्यानं मांडीखाली घेतलेला, कुणी परकं आलं की घेतो तसा.

"झडप लावल्यावर पयला झटका थोडा कमी बसतो," तो म्हणाला. "आमी बघितलंय."

"मंग काढा की."

"न्हाई काढत."

"पैशाचं काय ते बोला ना."

"पैशाचं न्हाई, भाऊ. न्हाई काढत."

आदिनाथ मित्रांकडं बघून हसला. "बाप बोलत न्हाई आन् लेक ऐकत न्हाई," तो म्हणाला, आणि ते गेले. जीपनं फाट्यावर वळण घेतलं, परतूरच्या दिशेनं. तिकडंही एक मिस्त्री आहे.

तन्वीर परत कानस चालवायला लागला. मग मी तिथं असताना, मी नसल्यासारखं, चाचा म्हणाले,

"मी तवाच म्हणलो असतो, जाऊ नको म्हणून. तोंडानं. तर थांबला असतास का?"

कानस थांबली.

"तुम्ही झडप काढली ना, अब्बा," तन्वीर म्हणाला, "मला तवाच कळल्तं. कायकू काढली ते. म्हणून तं थांबलो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. चाचा खाली बसले, गोणपाटावर, मॅनिफोल्ड मांडतात तिथं. त्यांना उठवावं की नाही ते मला कळेना. इमामबी चाची चहा घेऊन आल्या, दोघांकडं बघितलं आणि कप बाकड्यावर ठेवून गेल्या.

बाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. राजानंद होता. तो आता आत येत नाही, रस्त्याच्या पलीकडूनच हॉर्न देतो.

"राजाला म्हण, चहा घेऊन जा," तन्वीर म्हणाला.

मी रस्ता ओलांडून गेले आणि तसं सांगितलं. राजानंदनं गॅरेजाकडं पाहिलं. आत दिवा लागला नव्हता, कानशीचा आवाज परत सुरू झाला होता. एका हातानं घासत असल्यामुळं तो सारखा तुटत होता.

"उशीर होऊन राह्यला," राजानंद म्हणाला. "बस."